तीन डब्यांतून एक

जाळीचा तो काळा पेला तळहातावर धरून खिडकीतल्या उन्हात नेला, की भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके हातावर उतरत, आणि ते नीट मोजता येत — बत्तीस. चहाच्या आधी बत्तीस होते, चहानंतरही बत्तीसच भरले. द्वारकाबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच स्वतःचाच राग आला. प्लॅस्टिकच्या पेल्याची भोकं काय चहा पिऊन होईपर्यंत कमीजास्त होतात? मग दुसऱ्यांदा मोजायची गरज कोणाला पडली? पेल्याला तर नाही… म्हणजे गंधारनं पेरलं ते उगवलं म्हणायचं. मातीशिवाय आणि पाण्याशिवाय.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. तिथे आणखी बरंच सामान मांडलेलं होतं — स्पंजचे चौकोनी तुकडे, जाड सुती वातीची गुंडाळी, ए आणि बी अशी अक्षरं लिहिलेल्या खताच्या दोन बाटल्या, आणि तेजश्रीनं ठेवलेला माहितीचा रंगीत कागद. तेजश्री साजगावची. एकेकाळी द्वारकाबाईंच्याच वर्गात खिडकीजवळ बसायची. पुढे तिकडच्याच एका कारखान्यात पाण्याचे नमुने तपासायला लागली. आता नोकरी सोडून लोकांच्या गच्च्यांत नि गॅलऱ्यांत मातीविना भाज्या लावून देते. आज चार वाजता ती यायची होती. तिच्याकडे नवशिक्यांसाठी तीन प्रकारचे डबे होते, त्यांतला कोणता हवा ते बाईंनी सांगायचं — एवढंच काम. चौतीस वर्षं खोपोलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या, मुळाचा उभा छेद फळ्यावर न बघता काढणाऱ्या बाईला हे जड जायला नको होतं. पण गेले आठ दिवस ते चाललं होतं.

कारण डबे तीन असले तरी ते सुचवणारा एकच होता, आणि तो ताकास तूर लागू देत नव्हता.

गंधारची कारणं चोख होती, आणि नेमकं तेच वाईट होतं. एक म्हणजे तुझे गुडघे, आई. वाफ्यात खाली बसणं नको. दुसरं म्हणजे माथेरानच्या बाजूनं उतरणारी माकडं. परसातलं काही हाती लागू देत नाहीत. तिसरं म्हणजे तुला पालक आवडतो, तो बाहेरचा नको. तिन्ही खरी. पण मुलाला जन्म दिला त्या बाईला हे ठाऊक असतं, की गंधार खरं बोलतो तेव्हा अडखळतो आणि एकच कारण देतो, तेही अर्धवट. फुलदाणी फोडली होती तेव्हा तीन कारणं होती. सहलीचा फॉर्म लपवला होता तेव्हाही तीन. खरं कारण कधी असं इस्त्री करून येत नाही.

आणि परस असताना ही पाण्यातली शेती? दहिवलीतलं हे घर, मागे चिकूचं झाड, पलीकडे विहीर… यजमान, गोपाळकृष्ण, असते तर हसले असते. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणाले असते. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. ते असते तर कोणी मला डबा दिलाच नसता, हेही तितकंच खरं. घरात दोघं असली की एकाचं विसरलेलं दुसऱ्याच्या खाती खपून जातं. एकटीनं विसरलं की ते उघडं पडतं.

विसरलं असं नाही. विसरलं असं म्हणायचं नाही.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद पुन्हा वाचला. पहिला डबा वातीचा. खाली खतपाणी, वर पेल्यात रोप, मधून वात. वात पाणी वर चढवणार, रोप पिणार, वीज नको नि पंप नको. ‘नवशिक्यांसाठी उत्तम,’ तेजश्रीनं लिहिलं होतं, ‘आठ-दहा दिवस लक्ष दिलं नाही तरी चालतं.’ द्वारकाबाईंना हाच डबा मनापासून आवडला होता. गरीब, मुका, आपलं काम करणारा. पण ते शेवटचं वाक्य! हे सगळ्यांच्या कागदावर असतं, की माझ्या कागदावर मुद्दाम घातलंय? लक्ष दिलं नाही तरी चालतं… कोणाचं लक्ष? दुसरा डबा म्हणजे बुडबुड्यांची टाकी. मुळं सतत पाण्यात, आणि पंप हवा सोडणार. कर्जतला वीज गेली की कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. ऑक्टोबरच्या या काहिलीत तास-दोन तासांत मुळं गुदमरायची, आणि मेलेलं रोप बघून लोक म्हणायचे, बाईंनी बटण बंद केलं असेल. तो नकोच. आणि तिसरा — दिसायला देखणा, पांढराशुभ्र, वर दिवा लावलेला. पाणी कमी झालं की फोनवर निरोप येतो: पाणी भरा. खत संपत आलं की निरोप. भरलं की भरल्याची नोंद, तारीख आणि वेळेसकट.

अकरा वाजता फोन वाजला. वाजणारच होता, हल्ली तो अकराला वाजतोच.

“निवडलंस का आई?” गंधारनं विचारलं. मागे त्याच्या ठाण्याच्या ऑफिसातली कुजबुज ऐकू येत होती.

“चार वाजता सांगायचंय.”

“सावकाश निवड. तुला हवा तोच घे… मला विचारशील तर तिसरा बरा, बाकी काही नाही. अबोलीही तेच म्हणत होती. आम्हालाही इथून बघता येईल, पालक किती वाढलाय ते.”

“पालकच बघायचाय ना?”

“म्हणजे?”

“काही नाही. जेवलास का?”

“अकरा वाजलेत आई,” तो हळूच म्हणाला. आणि त्या हळूच म्हणण्यात इतकी काळजी होती, की द्वारकाबाईंनी फोन ठेवून दिला. अहो, सवयीनं विचारते माणूस, जेवलास का! आया मध्यरात्रीही विचारतात. त्याचीही नोंद झाली असेल कुठेतरी.

आम्हालाही इथून बघता येईल… पोटातलं ओठावर आलं एकदाचं. चौतीस वर्षं मी हजेरी घेतली, मला कळत नाही होय हजेरी म्हणजे काय ते? रोज पाणी भरलं, की आई हजर. दोन दिवस राहिलं, की लाल शेरा. आणि वर्षअखेरीला हजेरी कमी भरली म्हणून ठाण्याला अकराव्या मजल्यावर बदली. दिवाळीनंतर बोलू, असं तो जूनमध्ये म्हणाला होता. घराचं काय ते दिवाळीनंतर बोलू. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. म्हणजे पालक नव्हेच. मुळांऐवजी मला पाण्यात सोडून बघायचंय, तरते का. द्वारकाबाईंना रडू आलं नाही, पण कागदाची घडी वाकडी पडली, आणि ती कोणी बघितली नाही याचं त्यांना मनापासून हायसं वाटलं.

ए आणि बी बाटल्या त्यांनी हातात घेतल्या. दोन्ही एकमेकींत थेट ओतायच्या नाहीत. आधी पाण्यात एक, ढवळायचं, मग दुसरी. का, ते कागदावर नव्हतं, पण बाईंना माहीत होतं — एकीत कॅल्शियम, दुसरीत फॉस्फेट. घट्ट असताना भेटली की तळाशी पांढरा साका बसतो. बघ गंधार, आहे का काही बिघडलेलं? सगळं लख्ख आहे… पण बाई जीवशास्त्राच्या होत्या, तेवढंच वाईट झालं. जुनं लख्ख राहतं नि आजचं पुसलं जातं, हेही त्यांना लख्ख आठवत होतं.

सगळं त्या शेवळांपासून सुरू झालं.

जूनमध्ये गंधार आणि सून अबोली आले होते. ठाकूरवाडीची पारू नेहमीसारखी शेवळांच्या, पहिल्या पावसात उगवणाऱ्या त्या रानभाजीच्या, जुड्या घेऊन दारात आली. वीस वर्षं ती येते. शेवळं म्हणजे कर्णिकांच्या घरात सणच — सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून केलेली ती भाजी वर्षातून दोनतीनदा, त्या पंधरा दिवसांतच व्हायची. पण शेवळं खाजरी. वरचं साल सोलायचं, पिवळा भाग काढून टाकायचा, आणि तरी उरते ती खाज मारायला काकडं घालायची, ती हिरवी आंबट फळं वाटून. काकडं बाजारात मागावी लागत नाहीत. शेवळं विकणारी बाई ती मूठभर बरोबर देतेच, पैसे न घेता. ती रीतच आहे. तिकडची बाई देवाला विसरेल, पण शेवळांबरोबर काकडं द्यायला विसरणार नाही.

आणि भाजी खाजली. अबोलीनं पहिल्या घासाला घशाला हात लावला, मग चिंचेचं पाणी पिऊन खूप हसली — “आई, तुम्ही मला घालवायला निघालात!” ती हसली ते चांगलं झालं. गंधार हसला नाही. तो आईकडे बघत राहिला. पन्नास वर्षं ज्या बाईच्या हातची शेवळं कोणाला खाजली नाहीत, त्या बाईकडे तो असा बघत होता… डॉक्टर बघतात तसा, आधी चेहरा नि मग बाकीचं. तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, “पारूनं काकडं दिलीच नाहीत.” ठामपणे म्हणाल्या. आणि म्हटल्यावर त्यांना खरोखरच आठवलं, की पारूच्या टोपलीत काकडं नव्हतीच. आजही आठवतं. रिकामा पाटावरवंटा आठवतो. मग श्रावणात पारू टाकळ्याची पालेभाजी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला दारातूनच विचारलं. पारू तडकली होती. “दिली व्हती बाय! मूठभर दिली व्हती, जुडीच्या बुडाशी बांधून. माज्या लेकराची आण.” द्वारकाबाईंनी टाकळा घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा पारू भरली टोपली घेऊन या दारातून गेली. वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं म्हणून काय खोटं कबूल करायचं?

“बाय… हाव का घरात?”

द्वारकाबाई दचकल्या. फाटकाशी पारूच उभी होती. आठवण काढावी आणि माणूस दारात यावं, याचाही त्यांना संशय आला.

“तवसं आणलीत. कवळी हायत,” पारू पायरीवर टोपली ठेवत म्हणाली. “नगं म्हनू नका आता. तुमच्या दारावरनं तशीच जाते, जीवाला बरं नाय वाटत.”

त्यांनी त्या मोठाल्या काकड्यांतली दोन तवसं निवडली. पाणी दिलं. पारू पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि टेबलावरच्या सामानाकडे दारातूनच मान उंच करून बघितलं. “ह्ये काय मांडलंय?”

“भाजी लावणार आहे. पाण्यात. माती नाही घालायची.”

“मातीबिगर?” पारू हसली. “मंग मुळी धरनार कशाला गं बाय?”

द्वारकाबाईंनाही हसू आलं. खूप दिवसांनी आलं. आणि त्या हसण्यातच, मन जरा सैल झालं असताना, त्यांनी विचारलं, “पारू, खरं सांग. जूनमध्ये शेवळांबरोबर काकडं दिली होतीस?”

पारूनं खाली बघितलं. टोपलीतली तवसं उगाच सरळ केली.

“नाय दिली,” ती म्हणाली. “माजीच चुकी झाली, बाय. इसरली मी.”

काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही, पण पाठीवरचं ओझं कोणी उचललं तर खांदे आपोआप वर येतात ना, तसे द्वारकाबाईंचे खांदे वर आले. मी म्हणत नव्हते? आत्ता गंधारला फोन लावते. आत्ता लावते आणि पारूच्या तोंडून ऐकवते. चार महिने… चार महिने मी स्वतःची वैरीण झाले होते! त्यांनी पारूला आत बोलावून लाडू दिला, दुसरा दिला, आणि तिसरं तवसं घेतलं जे त्यांना नको होतं.

“गंधार भेटला होता का गं तुला?” हे त्यांनी अगदी सहज विचारलं; पारू टोपली डोक्यावर घेत होती तेव्हा.

“गणपतीत भेटलं व्हतं दादा, ठेसनावर. तुमचीच इचारपूस करीत व्हतं. म्हनलं, आईला सांबाळून घ्या.” आणि मग, काही चुकीचं बोलून गेल्यासारखी, पारू घाईनं निघाली.

फाटक वाजलं. द्वारकाबाई पायरीवर तशाच उभ्या राहिल्या.

सांभाळून घ्या. लेकराची आण घेतलेली बाई दोन महिन्यांत आण मोडते, ती कशासाठी? गिऱ्हाईक तुटू नये म्हणून? दोन-तीन तवसांसाठी कोणी असं करत नाही, आणि पारू तर नाहीच. गंधारनं पढवलं म्हणून? असेल. पण पढवलेलं माणूस भराभर बोलतं, आणि पारू खाली बघून बोलली. वर्गात एखाद्या पोराची आई वारली की आपण त्याचं चुकलेलं गणित बरोबर करून देतो, आणि वहीत बघत राहतो, त्याच्याकडे बघत नाही… पारू तशी बोलली. तिला माझी कीव आली. शेवळं विकणाऱ्या बाईला, जिच्या सात पिढ्या काकडं द्यायला विसरल्या नाहीत, तिला, मी वेडी ठरू नये म्हणून स्वतःवर विसराळूपणाचा डाग घ्यावासा वाटला. याहून तिनं मला खोटारडी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तोंडातल्या तोंडात द्वारकाबाई म्हणाल्या, सगळे माझ्याशी गोड बोलायला लागलेत.

जेवण झालं नाही. भात मांडला, निवला. त्या टेबलाशी बसल्या, आणि हळूहळू, दुपार कलत गेली तसं, त्यांच्या मनात काहीतरी उलटं फिरलं. आठ दिवस त्या तिसऱ्या डब्याला घाबरत होत्या, तो डोळा ठेवील म्हणून. पण डोळा ठेवणारा वाईट, की डोळे झाकणारा? अबोली हसते. पारू खाली बघते. गंधार हळू आवाजात बोलतो. उद्या मी खरोखरच विसरायला लागले तर यांच्यातलं कोण मला तोंडावर सांगेल? कोणी नाही. माया असते ना. त्या डब्याला माया नाही. पाणी भरलं तर भरलं म्हणेल, नाही भरलं तर नाही म्हणेल. गंधारला कळेल ते कळू दे; मलाही कळेल. मला आधी कळलं पाहिजे. द्वारकाबाईंना वाटलं, आपण अजून ताठ उभं राहू शकतो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली, आणि वाक्य मनाशी घोळवून ठेवलं: तेजश्री, मला तिसरा हवा, आणि निरोप दोन्ही फोनवर येऊ दे.

चारला पाच मिनिटं असताना स्कूटरचा आवाज आला. तेजश्री एक खोका कडेवर घेऊन आत आली, चपला काढता काढताच बोलत — चौक गावापासून ट्रॅफिक, ऊन नुसतं मी म्हणतंय, बाई तुमची तब्येत कशी आहे. खोका तिनं टेबलावर ठेवला, चिकटपट्टी ओढली, आणि डबा बाहेर काढला. हिरवट, साधा, मुका. वातीचा.

द्वारकाबाई डब्याकडे बघत राहिल्या.

“हा का आणलास?”

“हाच तर सांगितलात ना बाई. सोमवारी फोन केलात तेव्हा.” तेजश्री वात मोजून कापत होती, तिनं वर बघितलं नाही. “सकाळी सकाळीच केलात, मी जेवणाचा डबा भरीत होते. म्हणालात, न्हाणीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवीन, तिथं दात घासताना नजर जाते. नि त्या तिसऱ्याला म्हणालात, तो चहाडखोर नको मला घरात. मी एवढी हसले बाई! वर्गात तुम्ही प्रमोदला म्हणायचात तस्संच.”

चहाडखोर. शब्द माझाच आहे. पण ही त्या वर्गात बसलेली आहे, तिला तो ठाऊकच असणार… आणि गंधार तर त्या शब्दावर वाढला. न्हाणीबाहेरचा कट्टा? तोही गंधारनं सांगितलेला असू शकतो. सोमवारी सकाळी मी काय केलं? सोमवारी… फुलं काढली. दूध. मग? मग मंगळवार.

“बाई? दुसरा हवा होता का? बदलून देते की, त्यात काय.”

तिच्या आवाजात तो हळुवारपणा नुकता कुठे डोकावत होता. द्वारकाबाईंनी तो ओळखला, आणि त्यांच्या तोंडून फटकन, शाळेतल्या आवाजात, शब्द निघाले. “छे गं! हाच म्हटलं होतं मी. बघत होते, तू लक्षात ठेवलंस का.”

तेजश्री हसली. “तुमचं सांगणं विसरेन होय!” तिनं वात पेल्यातून ओवली, आणि पाणी आणायला डबा उचलून मोरीकडे गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

फोन टेबलावरच होता. त्यात गेल्या आठ दिवसांचे सगळे फोन दिसतात, कोणी कोणाला किती वाजता केला ते. बोटानं दोनदा सरकवलं की सोमवार. तिसऱ्या डब्याची गरजच नव्हती. द्वारकाबाईंनी हात पुढे केला, बोटं फोनला लागली, आणि तिथेच थांबली. दिवसभर त्यांना पुरावा हवा होता. आता तो चार बोटांवर होता, आणि तो नको, असं त्यांच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मोरीत तेजश्री कसलंसं गाणं गुणगुणत पाणी भरत होती. खोटं बोलत असू दे ही पोरगी. गंधारनं पढवलेली असू दे. पारूही त्यातलीच असू दे, अबोलीही असू दे. सगळ्यांनी मिळून, ठरवून, मला फसवलेलं असू दे… मी कोणाला एका शब्दानं विचारणार नाही. मी सगळ्यांना माफ करीन.